झारीबाहेरचे शुक्राचार्य

होळीची राख थंड होते न होते तोच नागपुरात दोन माणसं गच्चीवर चढतात. एक कूलरच्या टाकीतला वर्षभराचा गाळ काढायला, दुसरा कुंड्यांवर हिरवी जाळी बांधायला. पहिला तासाभरात खाली येतो, आंघोळ करतो आणि माणसांत बसतो. दुसरा मृग लागेपर्यंत वरच असतो. जेवायला, झोपायला आणि टाकी भरली का हे विचारायला तो मधूनमधून उतरतो, पण त्याचा जीव कठड्याशी ठेवलेला असतो.

धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत कोणत्याही कॉलनीत जा, हा इसम भेटणारच. वय साठीच्या पुढे. डोक्याला ओला दुपट्टा, बनियनच्या खांद्यावर नीम तेलाचा डाग, खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. मे महिन्यातल्या लग्नाची पत्रिका हातात पडली की हा वधूवरांची नावं वाचत नाही, तारीख वाचतो आणि चिडतो.

आमच्या इमारतीतल्या या इसमाला सगळे काका म्हणतात. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. ही नोकरी पाणी सोडण्याची असते, असा आपला एक भोळा समज आहे. पाणी सोडायला एक चौकीदार पुरतो. त्यानं दार उचललं की झालं. पाणी न सोडायला मात्र शाखा अभियंता लागतो, कारण त्याला कारणं लागतात. नमुना नंबर ७ भरलेला नाही. भरला असेल तर मागची पाणीपट्टी थकली आहे. थकली नसेल तर चारी नादुरुस्त आहे. चारी धड असेल तर आवर्तन कालच संपलं. बळीराजाच्या हातावर पडणारं पाणी अडवण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. शुक्राचार्यांना त्यासाठी झारीत शिरावं लागलं, काकांचं टेबलामागे बसून भागलं. शुक्राचार्यांचा त्यात एक डोळा गेला. काकांना पूर्ण पेन्शन मिळाली.

निवृत्तीनंतर काकांच्या स्वतःच्या हातात झारी आली, आणि सगळ्या नोकरीत तुंबलेलं पाणी एकदम वाहायला लागलं.

गच्चीचं त्यांनी लाभक्षेत्र केलं आहे. पाण्याची टाकी ज्या कोपऱ्यात, ते ‘हेड’. पश्चिमेच्या कठड्याशी, जिथे दुपारचं ऊन कुंडीच्या बुडापर्यंत शिजवतं, ते ‘टेल’. हेडला तुळस, मोगरा, गुलाब. टेलला जास्वंद, कढीपत्ता आणि काकूंच्या माहेरून आलेलं संत्र्याचं झाड. आधी टेलला पाणी, मग हेडला, असा नियम त्यांनी नोकरीत अनेकदा वाचून दाखवला होता. गच्चीवर ते तो पाळतात. त्यासाठी एक रजिस्टर आहे आणि त्यात प्रत्येक झारीची नोंद क्युसेकमध्ये होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, जवळजवळ दोन बादल्या. वैशाखात तुळशीवर जी गळती बांधतात, तिचे थेंब काकांनी घड्याळ लावून मोजले आणि विसर्ग काढला. दशांश चिन्हानंतर इतकी शून्यं आली की रजिस्टरचा रकाना पुरेना, तेव्हा शेजारच्या ‘शेरा’ या रकान्यात दोन शून्यं सरकवावी लागली.

काकांना काही कळत नाही, असा कोणी समज करून घेऊ नये. उन्हाळ्यातल्या झाडांबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा माणूस आमच्या पट्ट्यात नाही. पाणी सकाळी सातच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर द्यावं. रोज चूळभर देण्यापेक्षा कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत एकदाच द्यावं, म्हणजे मुळं खाली उतरतात. वरवर शिंपडलं तर मुळंही वरच राहतात आणि तिथेच भाजतात. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नये, खाली दोन विटा घालाव्यात. मातीवर पालापाचोळा नाहीतर सोयाबीनचं कुटार अंथरावं. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर ती मातीच्या मोठ्या कुंडीत उतरवावी. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी झाडाला कधीच घालू नये. काका ते बादलीत सोडतात आणि आजी बाळाच्या आंघोळीचं पाणी बघते तसं कोपर बुडवून बघतात.

शिवाय काय करू नये याचीही यादी आहे. छाटणी करू नये, कारण कोवळी फूट उन्हात टिकत नाही. कुंडी बदलू नये, कारण दुखावलेलं मूळ पाणी ओढत नाही. खत घालू नये, कारण जीव वाचवायच्या धांदलीत असलेल्या झाडाला भरपेट जेवण पचत नाही. भरदुपारी पाणी घालू नये. पान लोंबलं तर आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून ओल बघावी. थोडक्यात, चैत्र-वैशाखात झाडाची उत्तम सेवा म्हणजे सकाळी एकदा पाणी देऊन खाली येणं आणि गप बसणं. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं काकांना जमतं.

दुपारी दोनला जास्वंद मान टाकते. तिला ती टाकू द्यावी. मुळं जेवढं पाणी वर पाठवतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, म्हणून पान लोंबतं. ऊन कललं की हिशोब जुळतो आणि पान पुन्हा उभं राहतं. हे सगळं मला काकांनीच समजावून सांगितलं, दुपारी दोन वाजता, झारी घेऊन वर जाताना.

गुलाबाचं तर सांगू नये. सतत भिजलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी वर नेऊ शकत नाही. मग बुडालेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसायला लागतं. काका त्याच्याकडे बघून हळहळतात आणि आणखी एक झारी ओततात. दर एप्रिलात एक तरी गुलाब जातो. पारा ४५ वर असताना, नागपुरात, चौथ्या मजल्याच्या वरच्या गच्चीवर बुडून मरायचं, हे कोणालाही साधत नाही.

मोगऱ्याला ऊन हवं असतं. त्याची फुलंच मुळी उन्हाळ्याची. काकांनी त्याच्यावर ७५ टक्के सावलीची जाळी टाकली आणि जाळी कमी वाटली म्हणून तिच्यावर काकूंचं जुनं सुती लुगडं. मोगरा मग पानांनी असा गच्च झाला की पलीकडची तुळस दिसेना, पण वैशाख संपेपर्यंत गजऱ्यापुरतीही फुलं मिळाली नाहीत. काकू फुलवाल्याकडून गजरा आणतात आणि येताजाता मोगऱ्याकडे बघतात. त्या बघण्यात लुगड्याचाही हिशोब असतो.

अक्षय्यतृतीयेला पितरांसाठी आणलेली घागर तिसऱ्या दिवशी टोमॅटोच्या मोठ्या टबात गळ्यापर्यंत पुरलेली सापडली. मातीच्या मडक्यातून पाणी पाझरत राहतं आणि मुळं हवं तेवढंच ओढून घेतात, ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. काकूंची हरकत पद्धतीला नव्हती. “पितर काय पितील?” एवढंच त्यांनी विचारलं. काका म्हणाले, “टेलला आहेत, पोचेल.”

गच्चीवर ठिबक सिंचनाचीही एक योजना आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या सलाइनच्या नळ्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि तारा. गोसेखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा तो प्रकल्प ३७२ कोटींचा होता. पुढे तो किती हजार कोटींवर गेला, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. काकांची योजना ३०० रुपयांपासून सुरू झाली. त्यानंतर काकूंकडून तिला दोनदा सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागली. दुसऱ्या मान्यतेच्या वेळी काकूंनी विचारलं, “आतापर्यंत किती झाडं भिजली?” काका म्हणाले, “सिंचनक्षमता निर्माण झाली आहे. प्रत्यक्ष सिंचन हा वेगळा विषय आहे.”

आता थोडं आमच्या छताबद्दल. काकांच्या गच्चीखाली आम्ही राहतो. आमच्या दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात मार्चपासून ओल उतरते आणि मेमध्ये तिचा आकार थेट चंद्रपूर जिल्ह्याचा होतो. मी एकदा वर जाऊन ही गोष्ट काढली. काकांनी मला बसवलं, पन्हं दिलं आणि शांतपणे सांगितलं, “याला वहनव्यय म्हणतात. कालव्यातून पाणी नेताना काही झिरपणारच, ते नियमातच धरलेलं असतं. तुमच्याकडे येतं ते अगदी नियमात आहे.” पन्हं चांगलं होतं. मी खाली आलो.

रोज सकाळी ते पेपरात आधी धरणांचा साठा वाचतात. तोतलाडोह किती, नवेगाव खैरी किती. नागपूरचं पिण्याचं पाणी पेंचचं, तेव्हा एखाद्या टक्क्यानं साठा खाली आला की ते आमच्या सोसायटीच्या सचिवाकडे संशयानं बघतात. सचिवही तेवढ्याच संशयानं त्यांच्या झारीकडे बघतो.

नवतप्यात काकांची खरी ओढाताण होते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि नऊ दिवस तापतो. हे नऊ दिवस नीट तापले तर पाऊस चांगला, मध्येच शिंतोडे पडले तर नवतपा गळला, असं आपल्याकडे मानतात. खात्यातल्या काकांना नवतपा कडक हवा असतो, कारण धरणं भरली पाहिजेत. गच्चीवरच्या काकांना तो मऊ हवा असतो. मग ते सकाळी आकाशाला तापायला सांगतात आणि दुपारी त्याच आकाशाखाली कुंड्यांवर छत्र्या उघडून ठेवतात. त्याच दिवसांत, २६ मेच्या आसपास, नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी बाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. मुलं गच्चीवर काठ्या उभ्या करून तो बघतात. काका तेव्हा एकेका कुंडीजवळ जाऊन उभे राहतात. सावली पडत नाही, पण झाडाला बरं वाटतं म्हणे.

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर गवगवा झाला. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रातच बिघाड होता. सगळ्या शहरानं सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी मात्र यंत्रावर विश्वास ठेवला. ते म्हणाले, “माझी जास्वंद काय बिघडलेली आहे? तिनंही तेवढंच दाखवलं होतं.” ते कात्रण अजून रजिस्टरमध्ये आहे.

एकदा यवतमाळच्या सख्ख्या पुतणीचं लग्न टाळता येईना, तेव्हा चार दिवसांचा कारभार इमारतीच्या चौकीदाराकडे गेला. बढती म्हणून काकांनी त्याला ‘कालवा चौकीदार’ म्हणायला सुरुवात केली. मंगलाष्टकं चालू असताना काकांचा व्हिडिओ कॉल यायचा. “पान दाखव. उलट्या बाजूनं. पांढरं काही आहे का? फोन जवळ ने.” पिठ्या ढेकूण आहे की तांदळाची अक्षता काकांच्याच फोनवर पडली आहे, यावर बराच वेळ गेला. चौकीदारानं सगळ्या कुंड्यांना सकाळी एकदा पाणी दिलं. बोगनवेलीला मात्र दिलं नाही, कारण ती टोचते. काका परतले तेव्हा बोगनवेल कधी नव्हे ती राणी रंगानं पेटली होती. पाणी तोडलं की ती फुलते, हा तिचा स्वभावच. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा गळा भरून आला. “बघा, ताणाची लक्षणं! मरायच्या भीतीनं फुलली बिचारी.” निदान अचूक होतं. लगेच तिला दोन झाऱ्या मिळाल्या, आणि आठवड्याभरात ती पुन्हा हिरवीगार झाली.

ताण हा शब्द काकांच्या तोंडी आला की मला त्यांच्या मेहुण्यांची आठवण होते. काकूंचे हे धाकटे भाऊ काटोलकडचे संत्र्याचे बागाईतदार. गेल्या मे महिन्यात दवाखान्याच्या कामानं आठवडाभर इथे राहिले. टेलचं ते संत्र्याचं झाड त्यांनीच बहिणीला दिलं होतं. पहिल्याच संध्याकाळी ते वर गेले आणि झाडाभोवती एक फेरी मारली. झाड हिरवंगार, पान तेलकट, फळ एकही नाही. आलं त्या वर्षापासून नाही.

“भाऊजी, याले ताणावर सोडल्लं का कधी?”

काका म्हणाले, “म्हणजे पाणी बंद?”

“बंदच. आमी मृग बहाराले तेच करतो ना. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतो. झाड सुकल्यावानी दिसते, पान पिवळं पडते, पायनाऱ्याचा जीव खालीवर होते. पण ते आत सारं जमा करून ठेवते. मग मृगाचा पाऊस पडला का असं फुलते, का बागेत उभं राहवत नाही वासानं. कुंडीत तर माती केवढीशी, थोडक्यात भागते.”

काकांना शास्त्र पटलं. त्यांनी रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहिलं : ‘संत्रा : ताण. पाणी बंद. आदेशावरून.’ पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी ते टेलकडे पाठ करून झारी फिरवत होते, कारण समोरून जाताना झाड बघतं असं त्यांना वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पानं जराशी दुमडली. काका जेवले नाहीत. काकूंनी विचारलं तर म्हणाले, “ऊन बाधलं असेल.”

नागपुरात उन्हाळ्यात पाहुणा गच्चीवरच झोपतो. मेहुणे मच्छरदाणी लावून टाकीच्या बाजूला झोपले होते. रात्री एकच्या सुमारास त्यांना टेलकडून चुळूक-चुळूक आवाज आला. त्यांनी मच्छरदाणी वर केली. अंधारात एक बनियन वाकलेला होता, हातात तांब्या.

“भाऊजी? काय करून राहिले?”

“काही नाही,” काका म्हणाले, “चूळ भरत होतो.”

मेहुणे उठून बसले. त्यांची एक बाग एका चारीच्या अगदी टेलला आहे आणि ती चारी काकांच्या शाखेत होती. दोघांनी आजवर हा विषय एकमेकांसमोर काढलेला नव्हता. दोन्ही घरांनी तेवढा संयम पाळला होता.

“आमच्या बागेले तुमच्या खात्यानं लागोपाठ तीन सालं ताण देल्ला,” मेहुणे म्हणाले, “तोही न मांगता. तवा तर तुमचा हात नाही थरथरला. आता एका कुंडीसाठी रात्री उठून राहिले?”

काका थोडा वेळ तांब्या धरून उभे राहिले. मग म्हणाले, “ती बाग मी कधी बघितली नव्हती हो. फाइल बघितली होती.”

आणि तांब्यात उरलेलं पाणीही त्यांनी कुंडीत ओतून टाकलं.

हे सगळं मला मेहुण्यांनीच जाताना जिन्यात सांगितलं. सांगताना ते हसत होते. संत्र्याच्या झाडाला मृगात फूल आलं नाही हे वेगळं सांगायला नको. काकांच्या मते प्रस्ताव उशिरा आला होता.

राहिला काकूंचा धोपा. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत कूलर आहे, आणि कोणत्याही स्वाभिमानी कूलरप्रमाणे तो ठिबकतो. त्याच्या खाली एक फुटकी बादली पडलेली असते. तिच्यात काकूंनी केव्हातरी अळकुडी टोचली असावी, अळूला आमच्याकडे धोपाच म्हणतात. कुटार नाही, जाळी नाही, क्युसेक नाही. दिवसभर थेंब पडतात, कूलरची गार हवा लागते, आणि भर नवतप्यात हातभर रुंदीची पानं डोलत असतात. काकांची नजर गच्चीवर असल्यामुळे घराच्या मागे काय चाललं आहे, हे त्यांना कित्येक उन्हाळे कळलंच नव्हतं. यंदा कूलरची मोटर बंद पडली म्हणून ते मागे गेले आणि समोर उभं पीक!

“याला पाणी कुठून?” काकांनी विचारलं.

“कूलरचं.”

“परवानगी?”

“कोणाची?”

“हा अनधिकृत उपसा आहे.”

काकूंचे हात पिठात होते. त्या म्हणाल्या, “मी काही उपसलं नाही. ते आपणहून पडतं.”

काका विचारात पडले. “म्हणजे पाझर. पाझराच्या पाण्यावरही आकारणी करता येते.” आणि रजिस्टर आणायला ते वर गेले.

त्या संध्याकाळी धोप्याच्या वड्यांची ताटली आमच्याकडे आली. ती परत द्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काका ताट पुढ्यात घेऊन बसले होते आणि रजिस्टर बाजूला उघडं होतं. वड्या खमंग झाल्या होत्या, चिंच-गूळ नेमका. काकांच्या ताटातल्या निम्म्या संपल्या होत्या.

“काय काका, पाणीपट्टी वसूल झाली का?” मी विचारलं.

“आकारणी चालू आहे,” काका म्हणाले आणि काकूंकडे ताट पुढे सरकवलं.